‘रॅम स्वस्त आहे’ या आक्षेपाला उत्तर

टॉमकॅट या जावा वेब-सर्व्हरच्या हीपमध्ये, म्हणजे त्याच्या कामाच्या मेमरीत, साठणाऱ्या सेशन्सविषयी (सेशन म्हणजे एका पाहुण्याची सर्व्हरने तात्पुरती जपलेली माहिती) लिहिताना मी टाइमआउट, म्हणजे शेवटच्या विनंतीनंतर सेशन जिवंत ठेवण्याची मुदत, ३० मिनिटांवरून सरसकट १० मिनिटांवर आणण्याचा सल्ला दिला होता. त्यावर आपले म्हणणे असे, की रॅम स्वस्त असताना ही काटकसर अनाठायी आहे, तिचा भुर्दंड लांबलचक अर्ज भरणाऱ्या माणसाला पडतो, आणि मेमरीची एवढीच चिंता असेल तर सेशन्स सरळ रेडिस या टॉमकॅटबाहेरच्या, मेमरीत माहिती ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये ठेवावीत. यांपैकी मधला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे; तो सल्ला मी मागे घेतो. उरलेल्या दोहोंविषयी मात्र थोडे सविस्तर लिहावे लागेल.

मेमरीत एखाद्या क्षणी किती सेशन्स असतील, हे दर सेकंदाला किती नवी तयार होतात आणि शेवटच्या विनंतीनंतर ती किती वेळ रेंगाळतात, यांच्या गुणाकारावर ठरते. सेकंदाला २० नवी सेशन्स आणि ३० मिनिटांचा टाइमआउट धरला, तर एक पान पाहून निघून गेलेल्यांचीच ३६,००० सेशन्स सर्व्हरवर पडून राहतात. प्रत्येकाचे वजन २ किलोबाइट असेल तर ही बाब ७२ मेगाबाइटची, म्हणजे चर्चेच्याही लायकीची नाही. ५० किलोबाइट असेल तर १.८ गिगाबाइटची. सेशन दीर्घकाळ जगत असल्याने ते जावाच्या हीपमधल्या जुन्या पिढीच्या (दीर्घकाळ टिकणाऱ्या वस्तूंच्या) भागात जाऊन बसते, आणि तो भाग भरत आला की गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारी यंत्रणा) पुन्हा पुन्हा धावूनही त्याच्या हाती फारसे लागत नाही, कारण सेशन-मॅनेजरने (सेशन्स सांभाळणाऱ्या टॉमकॅटच्या भागाने) प्रत्येक जिवंत सेशन धरून ठेवलेले असते. भार ठरावीक असेल तर मोठा हीप पुरतो, हे खरे आहे. पण बॉटांचा, म्हणजे आपोआप पाने वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमांचा, भार ठरावीक नसतो.

माझ्या लेखातली खरी उणीव आपल्या प्रतिक्रियेमुळेच माझ्या लक्षात आली: सेशन किती वेळ जगावे यावर मी पानभर लिहिले, पण ते तयारच का व्हावे हे विचारले नाही. वेगळी सूचना नसेल तर जेएसपी पान (सर्व्हरवर जावातून तयार होणारे वेबपान) उघडताच सेशन निर्माण करते. बॉट बहुधा सेशनची ओळख सांगणारी कुकी परत पाठवत नाही, त्यामुळे त्याची प्रत्येक विनंती सर्व्हरला नव्या पाहुण्याची वाटते, आणि एकाच बॉटने हजार पाने वाचली तर हजार सेशन्स उभी राहतात. टॉमकॅटमधील क्रॉलर सेशन मॅनेजर व्हॉल्व्ह हा घटक युजर-एजंटवरून (विनंतीसोबत येणाऱ्या प्रोग्रॅमच्या नावावरून) ओळखलेल्या बॉटला तेच सेशन पुन्हा देतो व ते ६० सेकंद निष्क्रिय राहिले की संपवतो. पण नाव बदलून येणारे बॉट त्यातून निसटतात. म्हणून सार्वजनिक पानांवर सेशन बंदच ठेवणे मला अधिक भरवशाचे वाटते. सक्रिय सेशन्सच्या संख्येवर कमाल मर्यादा घालण्याचा मोह मात्र टाळावा, कारण मर्यादा भरल्यावर नवे सेशन नाकारले जाते आणि बॉटांनी अडवलेल्या जागेपायी खरा ग्राहक दारातून परत जातो.

आता वजनाविषयी. एका कामात मी हीप-डंप (हीपमधल्या साऱ्या माहितीची प्रत) उघडला, तेव्हा सेशनमध्ये ‘फक्त लॉगिन केलेला ग्राहक’ ठेवला आहे असे मला सांगण्यात आले होते. तो ग्राहक म्हणजे हायबरनेट या डेटाबेस हाताळणाऱ्या जावा लायब्ररीची एन्टिटी (डेटाबेसमधल्या नोंदीची जावातली वस्तू) निघाली, आणि तिच्यामागे त्याच्या साऱ्या ऑर्डरी, ऑर्डरींमागे वस्तू, अशी वरातच होती. ग्राहक-क्रमांक ठेवला असता तर काही बाइटांत भागले असते. (तिथेच वेब.एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलीत टाइमआउट १८०० लिहिलेला आढळला. लिहिणाऱ्याच्या मनात सेकंद होते, पण ती नोंद मिनिटांत वाचली जाते; सेशन्स ३० तास जगत होती.)

अशी वरात रेडिसमध्ये नेली तर ती नेटवर्कवरून ये-जा करू लागते: ५० किलोबाइटचे सेशन आणि सेकंदाला ५०० विनंत्या, म्हणजे नुसते वाचनच सेकंदाला २५ मेगाबाइट, आणि प्रत्येक वेळी ते उलगडण्याचा खर्च वेगळा. शिवाय रेडिसलाही रॅमच लागते. मेमरीची मर्यादा घातली आणि बाकी काही बदलले नाही, तर ती भरल्यावर रेडिस नव्या नोंदी नाकारतो. जुन्या नोंदी काढून टाकण्याचे धोरण निवडले, तर कोणाचे लॉगिन कधी तुटेल याची शाश्वती राहत नाही. अनेक सर्व्हर असतील किंवा रीस्टार्टनंतर सेशन टिकवायचे असेल, तर रेडिस योग्यच आहे आणि मीही वापरतो. वजन उतरवण्याचा तो उपाय नाही.

तेव्हा मूळ लेखातील परिच्छेद मी असा बदलला आहे: अनोळखी पाहुण्याला ५ मिनिटे, लॉगिन होताच त्या सेशनपुरती मुदत ३० मिनिटे, आणि लांब अर्जाचा मसुदा प्रत्येक टप्प्यावर डेटाबेसमध्ये, म्हणजे जेवायला उठलेल्या माणसाचे लिहिलेले वाया जाणार नाही. आपल्याकडे ही मुदत किती असावी हे मी येथून सांगू शकत नाही. एक्लिप्स मेमरी ॲनालायझर या हीप-डंप तपासणाऱ्या साधनात सेशन-मॅनेजरने धरून ठेवलेली एकूण मेमरी पाहा, तिला सेशन्सच्या संख्येने भागा, आणि येणारा आकडा येथे कळवा. तो २ किलोबाइटच्या आसपास असेल, तर आपल्या सर्व्हरपुरता आपला पहिला आक्षेपही मी मान्य करीन.