स्टँड गोरा का दिसतो?

एकच मजकूर गेल्या काही महिन्यांत तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून माझ्याकडे आला. त्यात म्हटलंय की इंग्लंडमध्ये भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी मिळून लाखो लोक राहतात, पण फुटबॉलच्या स्टँडमध्ये सगळे गोरेच दिसतात, कारण आपल्या लोकांच्या रक्तातच क्रिकेट आहे. तिकीट कुणालाही मिळतं, कुणी अडवत नाही, त्यामुळे न येणं ही त्यांची मर्जी. पुरावा म्हणून ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबचं नाव दिलंय: मालक पुण्याचे, गावात आशियाई भरपूर, तरी स्टँड गोराच. आणि जाता जाता एक टोमणा, की आता हे क्लब मैदानावर ईदची नमाज भरवतात ते निव्वळ लांगूलचालन.

मी लँकशायरमधल्या त्या ब्लॅकबर्नमध्ये चार वर्षं काढली आहेत. हे वाचून गप्प बसवत नाही.

रक्ताचा मुद्दा आधी निकालात काढू. 1911 साली कोलकात्यात मोहन बागानने ब्रिटिश लष्कराच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 हरवून आयएफए शील्ड जिंकली. 1936 मध्ये कोलकात्याचा मोहम्मद सलीम ग्लासगोच्या सेल्टिक क्लबकडून बूट न घालता, पायाला पट्ट्या गुंडाळून खेळला. आणि कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ समोरासमोर आल्या की काय होतं, हे ज्याने पाहिलंय त्याला ‘आपल्याकडे फुटबॉल नाही’ हे सांगायची कुणाची हिंमत होणार नाही.

आता ‘मर्जी’. इथे मला एका दुकानाबद्दल सांगायचंय. ब्लॅकबर्नच्या व्हॉली रेंज भागात आमच्या घराजवळ भरूचकडच्या एका चाचांचं किराण्याचं दुकान होतं. ते सत्तरच्या दशकात कापडगिरणीत रात्रपाळीला लागले, गिरणी बंद पडल्यावर दुकान टाकलं. शनिवारी दुपारी तीन वाजता गल्ल्याशेजारचा रेडिओ लागायचा, रेडिओ लँकशायर, रोव्हर्सची कॉमेंट्री. शनिवारी दुपारच्या त्या वेळात ब्रिटनमध्ये सामने टीव्हीवर दाखवतच नाहीत, म्हणून रेडिओ. गिऱ्हाईक आलं तर चाचा एका हाताने सुटे पैसे मोजायचे आणि दुसरा हात वर करून त्याला थांबवायचे, कारण कॉर्नर मिळालेला असायचा. 1995 मध्ये प्रीमियर लीग जिंकलेला रोव्हर्सचा संघ त्यांना तोंडपाठ. टिम फ्लॉवर्स, हेंड्री, शेरवूड, सटन, शिअरर. शेवटच्या दिवशी लिव्हरपूलला हरूनही विजेतेपद कसं मिळालं, ते सांगताना प्रत्येक वेळी आवाज चढायचा.

रोव्हर्सचं मैदान, इवुड पार्क, तिथून दोन-अडीच मैलांवर. चाचा तिथे एकदाही गेले नव्हते. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, त्या काळात शनिवारी आम्ही त्या रस्त्याने घरीसुद्धा जात नव्हतो, लांबून वळसा घालायचो.

त्या वर्षांत इंग्लंडमधल्या कित्येक मैदानांच्या दारात नॅशनल फ्रंट या अतिउजव्या पक्षाचे लोक उभे राहून वर्णद्वेषी पत्रकं विकत. मैदानात वांशिक घोषणा देणं गुन्हा ठरवणारा कायदा आला 1991 मध्ये, पण त्यात पळवाट होती: दोघांनी किंवा जास्त जणांनी मिळून दिल्या तरच गुन्हा. एकट्याने ओरडून शिव्या दिल्या तर तो त्यात बसत नव्हता. ती पळवाट बुजली 1999 मध्ये. मग त्याआधीची पंचवीस-तीस वर्षं कुणी अडवत नव्हतं, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

शिवाय इंग्लंडमध्ये स्टँडमधली जागा वारशाने चालत येते. आजोबा बापाला नेतो, बाप पोराला. एका पिढीला ज्या रस्त्याने जायची भीती वाटली, त्या रस्त्याने पुढची पिढी बापाचं बोट धरून कशी जाणार? कायदा बदलला म्हणून ही सवय दुसऱ्या दिवशी लागत नाही. ती कुणाला तरी मुद्दाम लावावी लागते.

आणि लावली की लागते, याचीही उदाहरणं आहेत. ब्रॅडफर्ड सिटीचं मैदान मॅनिंगहॅम भागात आहे, तिथे बहुतेक घरं पाकिस्तानी आणि बांगलादेशी वंशाच्या लोकांची. 11 मे 1985 रोजी तिथल्या लाकडी स्टँडला आग लागून 56 माणसं गेली. धुरातून बाहेर पडलेल्या प्रेक्षकांना घरी फोन करता यावा म्हणून आसपासच्या आशियाई कुटुंबांनी आपल्या घरांची दारं उघडली. त्यांनी दारं उघडली, पण मैदानाच्या आत ती घरं पुढची कित्येक वर्षं फारशी दिसली नाहीत. मग ‘बांगला बँटम्स’ हा गट उभा राहिला, आणि मैदानाजवळ राहून कधी आत न गेलेल्या बांगलादेशी बायका एकत्र सामन्याला जाऊ लागल्या. क्लबची सीझन तिकिटं त्याआधीही स्वस्तच होती. एकटीने जायचं नाही, शेजारी ओळखीची बाई असेल, हा भरवसा मात्र नवा होता. वुल्व्हरहॅम्प्टनचे ‘पंजाबी वुल्व्ज’ ढोल घेऊन येतात, डर्बीत ‘पंजाबी रॅम्स’ आहेत, वेस्ट ब्रॉमविचला ‘अपना अल्बियन’. इतकी माणसं रक्ताविरुद्ध जाऊन तर तिथे बसत नसतील!

पुण्याच्या मालकांचा मुद्दा आपल्याकडे सगळ्यात जास्त फिरतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात पोकळ आहे. वेंकीजच्या राव कुटुंबाने नोव्हेंबर 2010 मध्ये क्लब घेतला. महिन्याभरात मॅनेजर सॅम अॅलरडाइसला काढलं, 2012 मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली आला, 2017 मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला. या काळात गोरे चाहतेच मालकांविरुद्ध रस्त्यावर उतरले होते. अशा क्लबकडे आशियाई माणूस फक्त मालकाचं आडनाव भारतीय म्हणून का जाईल? आणि ‘आपले’ म्हणजे कोण? ब्लॅकबर्नची आशियाई वस्ती मुख्यतः भरूच-सुरतकडच्या गुजराती मुसलमानांची आणि पाकिस्तानी कुटुंबांची. पुण्याच्या मराठी वाचकाला राव कुटुंब जवळचं वाटेल, चाचांना ते अॅलरडाइसइतकंच लांबचं. त्यांचा जीव होता जॅक वॉकरवर, 1995 चा संघ उभा करणाऱ्या त्या पोलादाच्या व्यापाऱ्यावर, कारण तो ब्लॅकबर्नचाच होता. राव कुटुंब वर्षानुवर्षं तोटा भरत राहिलं आणि 2018 मध्ये संघ एक श्रेणी वर आला, हेही खरं. पण मालकाने पैसे घालणं वेगळं, आणि क्लबच्या माणसाने व्हॉली रेंजच्या मशिदीत, शाळेत, दुकानात जाऊन ‘या’ म्हणणं वेगळं.

राहिली नमाज. 2 मे 2022 रोजी ईदची नमाज इवुड पार्कच्या हिरवळीवर झाली. आपल्या मैदानावर ती भरवणारा ब्रिटनमधला हा पहिला फुटबॉल क्लब. पुढच्या वर्षी रमजानमध्ये चेल्सीने स्टॅमफर्ड ब्रिजवर इफ्तार ठेवला. खेळात धर्म कशाला, असं विचारणाऱ्यांनी या क्लबांचा जन्म तपासावा. एव्हर्टन सेंट डोमिंगो चर्चच्या पोरांतून निघाला, मँचेस्टर सिटी सेंट मार्क्स चर्चमधून, अॅस्टन व्हिला एका वेस्लियन चॅपेलच्या मुलांनी काढला. साउदॅम्प्टनला आजही ‘सेंट्स’ म्हणतात ते सेंट मेरीज चर्चमुळे. सेल्टिक तर 1887 मध्ये ब्रदर वॉलफ्रिड या धर्मबंधूने ग्लासगोतल्या गरीब आयरिश स्थलांतरितांच्या पोटाला अन्न मिळावं म्हणून काढला. वस्तीत बाहेरून आलेल्या लोकांना धरून राहणं हे या क्लबांचं मूळ काम आहे. लँकशायरची वस्ती बदलली, तर तिथल्या क्लबने दार कुणासाठी उघडायचं?

एका सकाळच्या नमाजेने 31 हजारांचं मैदान शनिवारी भरत नाही, हे मला मान्य आहे. क्लबने तेवढ्यावर थांबू नये, असं मलाही वाटतं. पण त्या सकाळी काय झालं, ते चाचांनी मला फोनवर सांगितलंय. पन्नासेक वर्षं त्या गावात काढून ते पहिल्यांदा आत गेले होते. नमाज झाल्यावर सगळे गळाभेटी घेत होते, आणि चाचा हिरवळीवर उभं राहून मुलाला विचारत होते, गोलपोस्टमागचा ‘ब्लॅकबर्न एंड’ स्टँड यातला कुठला. रेडिओवर इतकी वर्षं नाव ऐकलं होतं. मुलाने बोट दाखवलं, आणि मग चाचा बराच वेळ त्या गोलपोस्टकडे तोंड करून उभे राहिले.