‘३८ देशांची नॅनोबंदी’ आणि मावशीच्या बंद झालेल्या गोळ्या

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ओईसीडी या, मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या ३८ देशांनी करार करून टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगाच्या नॅनोकणांवर, म्हणजे अतिसूक्ष्म कणांवर, बंदी घातली. भारताने सही नाकारली, म्हणून ते विष आपल्या गोळ्यांवर चढवतात. त्याने कॅन्सर होतो. शिवाय नॅनोसाठी जगात कुठेच कायदा नाही, कारण ओईसीडीची नॅनोसमिती कंपन्यांच्या खिशात आहे. खाली सूचना: ‘गोळ्यांचं पाकीट उलटून बघा.’

माझ्या मावशीने उलटून बघितलं. रक्तदाबाच्या गोळीच्या पाकिटावर ते नाव सापडलं आणि तिने गोळी घेणंच थांबवलं. वर मलाच विचारते, “अरे, अडतीस देशांनी बंद केलंय, मग मी कशाला घेऊ?”

तर आधी गोळीचंच बघू. युरोपीय संघाने बंदी घातली हे खरं. नियम क्रमांक २०२२/६३, ७ फेब्रुवारी २०२२ पासून लागू, आणि सहा महिन्यांच्या सवलतीनंतर पूर्ण अंमल. पण ही बंदी टायटॅनियम डायऑक्साइड अन्नात रंग म्हणून वापरण्यावर आहे; अन्नात त्याला ई १७१ म्हणतात. त्याच नियमात औषधांसाठी हा रंग यादीत ठेवलाय आणि त्याची गरज तीन वर्षांत पुन्हा तपासा, असं सांगितलंय. याचं कारणही उघड आहे. हे पांढरं आवरण कितीतरी गोळ्यांचं उजेडापासून रक्षण करतं. ते बदलायचं तर हजारो औषधं नव्याने बनवून नव्याने तपासावी लागतील, आणि तोवर तुटवडा पडेल, असं युरोपच्या औषध संस्थेने २०२१ मध्येच बजावलं होतं. म्हणजे ज्या बंदीच्या नावाने मावशीची गोळी सुटली, त्या बंदीने गोळीला हातही लावलेला नाही. रक्तदाबाची गोळी मनाने बंद केली तर काय होऊ शकतं, हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. म्हणूनच संताप येतो.

आता ते ३८ देश. युरोपीय संघात देश २७. ओईसीडीत अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडही आहेत, आणि तिथे हा रंग आजही अन्नात चालतो. अमेरिकेत वजनाच्या १ टक्क्यापर्यंत. मुळात ओईसीडी कशावर बंदी घालूच शकत नाही. तिचा नॅनोपदार्थांवरचा कार्यगट २००६ पासून काम करतोय ते चाचण्यांवर. नॅनोकण पाण्यात टाकले की गोळा होतात, तळाशी बसतात, त्यामुळे एकाच पदार्थाचे दोन प्रयोगशाळांत दोन निष्कर्ष निघतात. मग ते कण पाण्यात किती टिकून राहतात हे मोजायची सामाईक पद्धत २०१७ मध्ये ठरली, चाचणी क्रमांक ३१८. मापं सगळ्या बाजारांत एकच, भाव ज्याचा त्याचा, असा हा व्यवहार आहे: चाचणीची पद्धत सामाईक, बंदीचा निर्णय ज्या त्या देशाचा. म्हणूनच २०२१ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ‘हा रंग सुरक्षित मानता येत नाही’ म्हटलं, आणि २०२२ मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने साधारण तोच पुरावा बघून बंदीची गरज नाही असं ठरवलं.

भारताने सही नाकारली, हे तर धादांत खोटं. असा करारच नाही, तर सही कशावर करणार? उलट भारत ओईसीडीचा सदस्य नसूनही चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांनी मान्य करण्याच्या तिच्या व्यवस्थेत २०११ पासून पूर्ण सहभागी आहे. आपल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतली सुरक्षाचाचणी त्या देशांनाही स्वीकारावी लागते.

कॅन्सरचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या पदार्थाला ‘शक्यता आहे’ या गटात टाकलंय, ते मुख्यतः उंदरांच्या फुप्फुसात गेलेल्या धुळीच्या प्रयोगांवरून. ती काळजी कारखान्यात भुकटी हाताळणाऱ्या कामगाराची आहे. पोटात जाणाऱ्या रंगाबद्दल युरोपचा आक्षेप एवढाच, की कण पेशींतल्या जनुकांना इजा करत नाहीत असं खात्रीने सांगता येत नाही. हा आक्षेप क्षुल्लक नाही, हे मी मान्य करतो. पण ‘खात्री देता येत नाही’ आणि ‘विष आहे’ यांत फार अंतर आहे.

राहता राहिली कंपन्यांची समिती. ती म्हणजे ओईसीडीचा वर सांगितलेला कार्यगट, आणि त्यात सरकारांचे प्रतिनिधी बसतात. उद्योगांचे असतात तसे कामगार संघटनांचे आणि पर्यावरणवाद्यांचेही असतात. आणि कायदा कुठेच नाही म्हणायचं तर वर सांगितलेली बंदी आली कुठून? युरोपात १ जानेवारी २०२० पासून रसायनांच्या नोंदणीत नॅनोरूपाची माहिती वेगळी द्यावी लागते.

मेसेजमधला एक धागा मात्र खरा आहे: आपण काय वापरतो ते पाकीट उलटून बघता यायला हवं. युरोपात २०१३ पासून क्रीमच्या डब्यावर घटकाच्या नावापुढे ‘नॅनो’ लिहावं लागतं. आपल्याकडे २०१९ मध्ये नॅनोऔषधांसाठी आणि २०२० मध्ये शेती व अन्नातल्या नॅनोउत्पादनांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आली, पण डब्यावर तसं छापायची सक्ती अजून नाही. ती हवी, आणि त्यासाठी कोणी निवेदन काढलं तर मी सही करीन. मावशीला मात्र आजच डॉक्टरांकडे घेऊन जातोय.