तटाखालची माती

मी राहते त्या इंग्लंडच्या उत्तर टोकाला, न्यूकॅसलहून तासाभराच्या अंतरावर, रोमन सम्राट हेड्रियनने बांधवलेल्या भिंतीलगत चालताना एका बाईंनी आम्हाला थांबवलं. साठीच्या असतील. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात छोटी वही. "तुम्ही तिघं एकाच रेघेत चालताय," त्या म्हणाल्या. "जरा पसरून चाला, शेजारी शेजारी."

मी चकितच झाले. सह्याद्रीत ज्यांनी मला चालायला शिकवलं, त्यांचा पहिला धडा होता: एकामागे एक, मळलेली वाट सोडायची नाही. इथे नेमकं उलटं सांगत होत्या. त्या खाली वाकल्या आणि गवतात पडलेल्या चरात त्यांनी हात घातला. बोटांची दोन पेरं आत गेली. सगळ्यांचे पाय एकाच रेघेवर पडले की गवत मरतं, मग तिथे पावसाचं पाणी धावतं, माती वाहून जाते. आणि इथली माती म्हणजे नुसती माती नाही. तिच्याखाली रोमन सैनिकांचा रस्ता आहे, खंदक आहे, खापरं आहेत. पाय पसरले तर गवताला सावरायला वेळ मिळतो. त्या स्वयंसेवक होत्या. दर काही आठवड्यांनी ठरलेल्या जागी उभं राहून त्याच कोनातून वाटेचा फोटो काढायचा आणि चर कुठे वाढतोय याची वहीत नोंद करायची, एवढंच त्यांचं काम.

या भिंतीची सुरुवात इसवी सन १२२ मध्ये झाली. लांबी ११७ किलोमीटर. १९८७ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली आणि २००३ मध्ये तिच्या कडेने १३५ किलोमीटरची पायवाट अधिकृतपणे खुली झाली. ही वाट चालणाऱ्यांना एक छोटा 'पासपोर्ट' मिळतो, वाटेतल्या ठरावीक ठिकाणी त्यावर शिक्के मारून घ्यायचे. मुलांना त्याचं भारी वेड. पण ते शिक्के मे ते ऑक्टोबर एवढेच महिने मिळतात. हिवाळ्यात जमीन भिजून मऊ होते, तेव्हा लोकांनी शक्यतो येऊ नये म्हणून. वाट बंद करत नाहीत, दंड लावत नाहीत. फक्त शिक्का मिळत नाही.

११ जुलै २०२५ ला हे सगळं मला नव्याने आठवलं. त्या दिवशी मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर भगवे झेंडे फडकत होते. मी ऑफिसात बसून रडले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. ज्या राजगडाच्या पद्मावती माचीवर मी कॉलेजात असताना थंडीत कुडकुडत रात्री काढल्या, तो आता जगाचा झाला होता.

दोन दिवसांत चर्चेचा रोख बदलला. रोपवे कुठे करायचा, वाहनतळ केवढा हवा, रात्री रोषणाई करायची का, हॉटेलांना परवानगी द्यायची का. दादा पुण्यात असतो, बांधकामातला माणूस. त्याचं म्हणणं सरळ होतं: मानांकन मिळालंय तर सोयी व्हायलाच हव्यात, जगभरचे लोक येणार. मी म्हटलं, आधी पावसाळ्याचं काहीतरी करा. त्यावर त्याने लिहिलं, "तिकडे बसून बोलायला सोपं आहे." त्याला उत्तर द्यायला मला तीन महिने लागले. हा लेख म्हणजे तेच उत्तर.

आधी त्याचं म्हणणं जिथे खरं आहे तिथे मान्य करते. आमच्या आईने रायगड पाहिला तो रोपवेमुळेच. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली बाई, समाधीपुढे हात जोडून कितीतरी वेळ उभी राहिली. तो रोपवे नसता तर तिच्या आयुष्यातून ती सकाळ वजा झाली असती. म्हणून 'गडावर चढायची ताकद नसेल त्याने येऊच नये' असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी कधीही उभी राहणार नाही. पण एका रायगडावर ती सोय आहे म्हणून राजगडावरही हवी, हे मला पटत नाही. राजगडाचा सगळा अर्थच त्याच्या अवघडपणात आहे. तिन्ही माच्या आणि बालेकिल्ला पायांनी समजतात. शिवाय रोपवेने वर आलेली माणसं वर उतरल्यावर कुठे चालतात, किती वेळ थांबतात, याचा विचार केल्याशिवाय पहिला खांब उभारला जाऊ नये.

इथल्या लोकांनाही हे शहाणपण जन्मजात आलेलं नाही. याच भिंतीचे दगड शेकडो वर्षं लोकांनी उचलून नेले. आमच्या जवळच्या हेक्सॅमच्या जुन्या चर्चच्या तळघरात रोमन कोरीव दगड सरळ भिंतीत बसवलेले दिसतात. १७४५ मध्ये राजगादीसाठी झालेल्या जॅकोबाइट बंडानंतर सरकारने सैन्यासाठी रस्ता बांधला, तो कित्येक मैल या भिंतीवरूनच, तिला पाया म्हणून वापरून. पुढे न्यूकॅसलच्या जॉन क्लेटन नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकात भिंतीलगतच्या जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे ती लूट थांबली. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये भिंतीच्या एका खिंडीतलं प्रसिद्ध सिकॅमोरचं झाड दोघांनी रात्रीतून कापून टाकलं. ते भिंतीवर पडलं. आमच्या किल्ल्यांना मान्यता मिळाली त्यानंतर चारच दिवसांनी, १५ जुलैला, त्या दोघांना चार वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. दादाला हे मुद्दाम सांगते, कारण 'तिकडचे लोक किती शिस्तीचे' हे वाक्य मला आता ऐकवत नाही. शिस्त ही रोजच्या राबणुकीतून येते, आणि तशी राबणूक कुणीही करू शकतं.

मुख्य फरक वेगळाच आहे. हेड्रियन इथे कुणाचा राजा नाही. परका सम्राट, परकं सैन्य. लोक भिंत बघायला येतात, तिच्या पाया पडायला येत नाहीत. आपल्याकडे महादरवाज्यात शिरताना माणसं उंबरठ्याची माती कपाळाला लावतात. त्यांना 'पर्यटक' म्हणणंच चुकीचं वाटतं. अशा माणसाला फाटकावर अडवून 'आजची मर्यादा संपली' असं सांगायचं तर त्यात अपमान होता कामा नये. नियम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलं नाही तर नियम मोडण्यालाच भक्ती समजलं जाईल.

पण याच भक्तीचा सगळ्यात मोठा लोंढा येतो कधी? गड सगळ्यात दुबळा असतो तेव्हा. जून ते सप्टेंबर. दगडांमधल्या चुन्याने भरलेल्या फटींत पाणी मुरलेलं असतं, तटाच्या सांध्यांतून पिंपळ-उंबराची मुळं फुगतात, माती लोण्यासारखी सुटते, आणि नेमक्या त्याच शनिवार-रविवारी हजारो पाय चढतात. २०२३ च्या पावसाळ्यात लोहगडाच्या दरवाज्यांच्या वळणांत माणसं तासन्‌तास अडकून पडली, ते व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. जुलै २०२४ मध्ये रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचा लोंढा आला आणि त्यात माणसं कठड्यांना धरून उभी होती. दोन्ही वेळा चर्चा झाली ती जिवाच्या धोक्याची, आणि ती व्हायलाच हवी होती. गडाला काय झालं, हे मात्र कुणी विचारलं नाही. गर्दीत वाट तुंबली की लोक उतारावरून नवी वाट पाडतात. पुढच्या पावसात तिचा ओढा होतो. तो ओढा तटाच्या पायथ्याशी पोचला की पाया उघडा पडतो. दोन-चार पावसाळ्यांनी बुरूज ढासळल्याची बातमी येते आणि खापर पावसावर फोडलं जातं.

पाण्याच्या टाक्यांचंही तेच. कातळात खोदलेली ही टाकी म्हणजे गडाचा जीव. 'गडावरी आधी उदक पाहून किल्ला बांधावा' असं रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात, म्हणजे मराठेशाहीतल्या राज्यकारभारावरच्या त्यांच्या ग्रंथात, लिहून ठेवलंय. आज त्याच टाक्यांत पाय धुतले जातात, बाटल्या तरंगतात. उन्हाळ्यात दुर्गसंवर्धन करणारी पोरं कमरेएवढ्या गाळात उतरून ती साफ करतात. स्वतःच्या खिशातून एसटीचं भाडं घालून येतात ही पोरं. त्यांचं ऋण फेडता येण्यासारखं नाही. फक्त त्यांना जाणकारांची सोबत मिळायला हवी, कारण उपसलेल्या गाळातही इतिहास असतो, आणि चुन्याच्या जागी सिमेंट भरलं तर दगडच फुटतो.

मग पावसाळ्यात गड बंदच करायचे का? एवढं सोपं असतं तर बरं झालं असतं. राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्यात एका मावशींकडे आम्ही वर्षानुवर्षं पिठलं-भाकरी खाल्ली. मागच्या खेपेला मी त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "पावसाचे चार महिने हायेत म्हणून पोरांची फी भरती." भात लावायचा आणि शनिवार-रविवारी चुलीपुढे बसायचं. ज्यांची घरं गडाच्या घेऱ्यात आहेत त्यांच्या ताटातली भाकरी काढून गड वाचवता येणार नाही, आणि वाचवू नयेच. पन्हाळ्यावर तर माणसं राहतात, तिथे नगरपरिषद आहे. मानांकनाची चर्चा सुरू होती तेव्हा 'आपल्याला घरं सोडावी लागतील का' ही भीती तिथल्या लोकांनी उघड बोलून दाखवली होती. ती भीती दूर करणं हा संवर्धनाचाच भाग आहे.

यासाठी मला उदाहरण इंग्लंडातून आणायची गरज नाही. ते साताऱ्याशेजारी आहे. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर वारसा यादीत आलं, तेव्हा तिथेही गाड्यांची रांग आणि फुलांवर बसून काढलेले फोटो होते. आता फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा असते, नोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते, शुल्क भरावं लागतं. आणि व्यवस्था बघायला आसपासच्या गावांतली माणसं वन विभागाच्या बरोबरीने उभी असतात. मतभेद तिथेही झाले, कुंपणावरून तर खूप. पण फुलं दाखवायला गावातला पोरगाच बरोबर येतो, आणि पैसा काही अंशी तरी गावात राहतो.

लोहगडाला आणि राजगडाला पावसाळ्यातल्या सुट्ट्यांपुरती अशीच नोंदणी का नसावी? शुल्कातला ठरलेला वाटा पायथ्याच्या गावाला. नोंदणी करतानाच जेवण गावात सांगायची सोय, म्हणजे मावशींना शुक्रवारी कळेल की उद्या किती भाकऱ्या थापायच्या. ज्यांना गर्दी टाळायचीय त्यांना जानेवारी-फेब्रुवारीत यायचं काहीतरी निमित्त, शाळांच्या सहली, गावातल्याच मुलांनी सांगितलेला गड. गावाची कमाई वर्षभर पसरली तरच पावसाळ्यातल्या गर्दीवरचा तिचा भार हलका होईल. बारापैकी आठ किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आणि चार राज्याकडे आहेत, तेव्हा दोघांनी एकच पद्धत ठरवावी, नाहीतर एका गडावर अडवलेली गर्दी शेजारच्या गडावर जाईल. तिथे तर पहारेकरीही नसतो. यादीत नसलेल्या गडांची मला म्हणूनच जास्त काळजी वाटते.

इथला कुठलाही नियम तसाच्या तसा उचलून नेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. शेजारी शेजारी चालण्याचा नियम राजगडाच्या मुरमाड उतारावर लावला तर वर्षभरात सगळा उतार खाली येईल. तिथे एकामागे एक हेच बरोबर. उचलून न्यावी ती त्या बाईंची वही. दर महिन्याला तीच जागा, तोच कोन, एक फोटो.

आणि हेही काही बाहेरचं नाही. त्याच आज्ञापत्रात गडावरचा केर खाली टाकू नये, जागच्या जागी जाळावा आणि राख परसातल्या भाजीला घालावी, असं बजावलंय. तटावर झाडं वाढतात ती वरचेवर कापावीत, तटाखालचं गवत जाळावं, आणि या कामाला शब्द वापरलाय तो गड 'नाहाणण्याचा'. लेकराला न्हाऊ घालावं तसं. तीनशे वर्षांपूर्वी आपल्याकडे ही नित्याची कामं होती. ती करणारी माणसं गडाच्या घेऱ्यातच राहत होती आणि त्याबद्दल त्यांना वतनं मिळत होती.

ऑगस्टमध्ये मी दादाच्या मुलाला, माझ्या भाच्याला, हे फोटोचं काम सांगितलं. मी सांगण्याआधीच जूनमध्ये तो गुंजवण्याच्या वाटेने वर जाऊन आला होता, आणि एका मोडक्या पायरीशी बूट बांधतानाचा त्याचा फोटो होता. सप्टेंबरअखेरीस तो पुन्हा त्याच पायरीशी गेला, त्याच कोनातून फोटो काढला आणि दोन्ही शेजारी ठेवून ग्रुपवर टाकले. जूनच्या फोटोत पायरीखाली माती आहे. सप्टेंबरच्या फोटोत त्याच पायरीखाली त्याने हात घातलाय, मनगटापर्यंत.

दादाने त्यावर काहीच लिहिलं नाही. रात्री त्याचा फोन आला. "ती पायरी खालून कशाने भरायची गं? सिमेंट नको म्हणतेस ना तू?" मग आम्ही तासभर चुन्याबद्दल बोलत होतो.