धंदा बुडतो तेव्हा नक्की कोण बुडतं?

एप्रिल २०१९ मध्ये आफ्रिकेत ऑनलाइन विक्री करणारी जुमिया ही कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली आणि ‘ही कसली आफ्रिकन कंपनी?’ यावर रण माजलं. नोंदणी जर्मनीत, मुख्यालय दुबईत, सॉफ्टवेअरचं काम पोर्तुगालमध्ये, वरच्या खुर्च्यांवर दोन फ्रेंच गृहस्थ. आफ्रिकन ते फक्त गिऱ्हाईक, असा टोमणा होता आणि तो लागणाराच होता. पण त्याच नोव्हेंबरात कंपनीने कॅमेरून आणि टांझानियातून गाशा गुंडाळला. भांडायचंच होतं तर ते तेव्हा भांडायला हवं होतं.

पाश्चात्त्य माणसाने गरीब देशात धंदा काढावा की नाही, हा प्रश्नच मला पोकळ वाटतो. गावचा सावकारही पिळतोच. पासपोर्टमुळे कोणी संत होत नाही आणि दरोडेखोरही होत नाही. हेतू चांगला होता का, हे विचारूनही फार काही हाती लागत नाही, कारण हेतू बहुतेकांचा चांगलाच असतो. मी एकच गोष्ट बघतो: धंदा फसला तर त्याची किंमत कोण मोजणार, हे सुरुवातीच्या कागदांत कुठे लिहिलंय का? स्टार्टअपमध्ये पैसे घालणारा दहा ठिकाणी लावतो तेव्हा त्यातले बहुतेक जाणार हे त्याने धरलेलंच असतं. एखाद-दुसरा तरला की त्याचं गणित जमतं. ज्या गावात प्रयोग होतो त्या गावाकडे मात्र दहा विहिरी नसतात.

प्लेपंपचं उदाहरण यासाठी नीट उघडून बघण्यासारखं आहे. मुलांचा गोल फिरणारा पाळणा, त्याखाली बोअरचा पंप. मुलं खेळली की पाणी उंचावरच्या २५०० लिटरच्या टाकीत चढणार. टाकीच्या चार बाजूंना चार फलक, दोन आरोग्यसंदेशांना, दोन जाहिरातींना, आणि जाहिरातीच्या पैशातून देखभाल. कल्पना दक्षिण आफ्रिकेतली, पण मोठा पैसा आणि मोठी घाई अमेरिकेतली. २००६ मध्ये अमेरिकी सरकार आणि प्रतिष्ठानांनी मिळून १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर केले. २०१० पर्यंत ४००० पंप बसवायचे होते.

आता आकडेमोड करा. एक पंप २५०० माणसांना पुरेल असा दावा होता. माणशी १५ लिटर, म्हणजे अगदी किमान गरज धरली, तरी दिवसाला ३७,५०० लिटर झाले. पंपाची सांगितलेली क्षमता तासाला १४०० लिटर. भागून बघा, जवळपास २७ तास येतात. दिवसाचे २४ तास मुलं न थांबता गरगर फिरली तरी पाणी कमीच. पाचवीच्या वर्गातलं गणित आहे हे, आणि ते कोट्यवधी डॉलर मंजूर होण्याआधी कोणी मांडलं असतं तर बरं झालं असतं. प्रत्यक्षात नव्याचे नऊ दिवस संपले की मुलं कंटाळायची आणि बायका उन्हात तो पाळणा हाताने ढकलायच्या. बऱ्याच खेड्यांतल्या टाक्यांवर जाहिरात द्यायला कोणी आलं नाही, त्यामुळे देखभालीचा पैसाही नाही.

पण माझा मुख्य राग यावर नाही. अनेक ठिकाणी नवा पंप जुना हातपंप काढून त्याच बोअरवर बसवला गेला. मोझांबिकसारख्या देशात आफ्रिडेव्ह जातीचा हातपंप चालतो. त्याची रचनाच अशी की गावातली माणसं एका पान्याने तो उघडून आतली सीलं बदलू शकतात. प्लेपंप बिघडला की कंपनीला फोन करायचा आणि बाहेरून मेकॅनिक येण्याची वाट बघायची. किंमत सुमारे १४,००० डॉलर, साध्या पंपाच्या कितीतरी पट. एका पान्याने सुटणारी अडचण काही महिन्यांच्या तहानेवर नेऊन ठेवली. पुढे कार्यक्रम आवरला गेला आणि उरलेले पंप दुसऱ्या संस्थेच्या गळ्यात पडले.

हप्त्यावरच्या सौरदिव्यांचं कुलूप जास्त हुशारीचं असतं. आधी थोडी अनामत, मग मोबाइलवरून रोजचा किंवा आठवड्याचा हप्ता. हप्ता भरला की कोड येतो, चुकला की यंत्र आपोआप बंद. बँक दारात उभं करत नाही अशा घरात वीज पोचली ती या कुलपामुळेच, हे मान्य करायला हवं. घोडं पेंड खातं ते पीक हाती येण्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत, जेव्हा घरात पैसाच नसतो आणि नेमके तेव्हाच दिवे विझतात. आणि कोड देणारा सर्व्हरच बंद पडला तर? मोबिसोल ही जर्मन कंपनी टांझानिया, रवांडा आणि केनियात हाच धंदा करायची. एप्रिल २०१९ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या वेळी एंजी या फ्रेंच कंपनीने ती विकत घेतली. पण दर वेळी कोणी घेणारा मिळेलच असं नाही. कुलूप उघडायचे कोड आधीच तिसऱ्या पक्षाकडे ठेवायचे, कंपनी बंद झाल्यास सगळी यंत्रं कायमची उघडतील असं करारात लिहायचं. एवढ्याला फार खर्च येत नाही. ज्याला हे नको असेल त्याच्या हेतूबद्दल मला शंका येते.

शाळा हा तर आणखी नाजूक मामला. अमेरिकी संस्थापकांच्या ब्रिज या खासगी शाळांच्या साखळीच्या ६३ शाळा बंद करण्याचा युगांडा सरकारचा निर्णय नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने कायम ठेवला. परवाने आणि स्वच्छता हे मुद्दे होते. दिवा परत देता येतो, मुलाचं वर्ष देता येत नाही. परवाना आधी, प्रवेश नंतर.

मग तो डेलावेअरचा कागद, म्हणजे अमेरिकेतल्या त्या राज्यात केलेली कंपनीची नोंदणी. मूळ कंपनी तिथे, स्थानिक कंपनी तिच्या पूर्ण मालकीची. सॉफ्टवेअर आणि ब्रँड मूळ कंपनीच्या नावावर, आणि स्थानिक कंपनी त्याचं भाडं भरते. त्यामुळे नफा स्थानिक वहीत दिसतच नाही आणि करही बेताचाच लागतो. यात बेकायदा काही नसतं. पण तोटा कुठे राहतो बघा. कर्ज डॉलरमध्ये, कमाई नायरा या नायजेरियाच्या चलनात. जून २०२३ च्या सुरुवातीला डॉलर सुमारे ४७० नायरांना होता, फेब्रुवारी २०२४ पर्यंत तो १५०० च्या पुढे गेला. अशा वेळी मुख्यालयातले पगार डॉलरमध्ये शाबूत आणि नायरातला पगार डॉलरच्या हिशोबाने तिसऱ्या हिश्श्यावर. शेअर कोणाला मिळालेत हेही त्याच वेळी कळतं.

उलट उदाहरण एम-पेसाचं, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेचं. मार्च २००७, केनिया. व्होडाफोन ब्रिटिश, सुरुवातीला ब्रिटिश सरकारचं अनुदान, म्हणजे मामला पुरता बाहेरचा. ती चालवणाऱ्या सफारीकॉम या केनियातल्या मोबाइल कंपनीत मात्र तेव्हा केनिया सरकारचा मोठा हिस्सा. (मूळ योजना सूक्ष्मकर्जाच्या हप्त्यांसाठी होती. चाचणीत लोक एकमेकांना पैसेच पाठवू लागले, आणि कंपनीने ते ऐकलं.) गिऱ्हाइकांचे पैसे कंपनीच्या खात्यात नाहीत, बँकेतल्या वेगळ्या विश्वस्त खात्यात. कंपनी ते वापरू शकत नाही आणि ती बुडाली तरी तिच्या धनकोंचा हात तिथे पोचत नाही. केंद्रीय बँकेशी बोलणी सेवा सुरू होण्याआधीच झाली होती.

असं सगळं करायला लावलं तर कोणी येणारच नाही, हा आक्षेप नेहमीचा. येतील, पण हळू येतील. नवा पंप एक अख्खा उन्हाळा चालेपर्यंत जुना काढायचा नाही, सुटे भाग आधी जवळच्या बाजारात ठेवायचे आणि मग पंप बसवायचा, कामगारांच्या तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम स्थानिक बँकेत बाजूला काढून ठेवायची. याने विस्ताराचा वेग मंदावतो हे खरं. ४००० पंपांचे कदाचित ४०० झाले असते, आणि त्या ४०० गावांत जुना हातपंप तिथेच शेजारी उभा असता.