वरचंच आहे की ते!

एक्सेलच्या गावनिहाय यादीत तालुक्याचं नाव पहिल्या गावापुढे एकदाच लिहायचं आणि खालच्या चाळीस गावांपुढचा रकाना मोकळा सोडायचा, ही पद्धत ज्याने काढली त्याला कुणीतरी एकदा माझ्या खुर्चीत बसवा हो. एकच दुपार. सकाळी ग्रुपवर 'अतितातडीचे' म्हणून मेसेज, दुपारी साहेबांची व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स), आणि प्रत्येक तालुक्याकडून आलेली फाइल म्हणजे नुसती चाळण.

फोन केला की उत्तर ठरलेलं. "अहो मॅडम, वरचंच आहे की ते! परत परत कशाला लिहायचं?" अहो दादा, ते वरचंच आहे हे तुम्हाला कळतं, मला कळतं, एक्सेलला नाही ना कळत! त्याच्या लेखी प्रत्येक ओळ वेगळी. तालुक्यावर फिल्टर लावला की एकच गाव वर येतं, बाकीची सगळी 'ब्लँक्स'मध्ये जाऊन पडतात. आणि त्यात कुणी सॉर्ट केलेलं असेल तर संपलंच. चढत्या क्रमाने लावा नाहीतर उतरत्या, रिकामे सेल तळाशीच जाणार. मग कुठलं गाव कुठल्या तालुक्याचं, ते शोधत बसा. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात. एवढी जागा वाचवून कुणाच्या सातबाऱ्यावर चढवायची आहे?

मोकळं सोडणारे तरी परवडले. मर्ज करणारे, म्हणजे चाळीस सेल जोडून एकच करणारे, त्यांचे बाप. तालुक्याचं नाव उभं फिरवलेलं, चाळीस ओळींच्या बरोबर मधोमध, ठळक, मागे पिवळा रंग. प्रिंट काढून फाइलला लावली की काय छान दिसतं! सॉर्ट करायला गेलं की एक्सेल म्हणतं, आधी सगळे मर्ज केलेले सेल एका मापाचे करा. अनमर्ज केलं की नाव फक्त सगळ्यात वरच्या सेलमध्ये उरतं, खाली पुन्हा भोकंच. दिसायला छान हवंच असेल तर मूळ यादी पूर्ण भरा आणि तिच्यावरून पिव्होट, म्हणजे सारांश तक्ता, काढा, त्यात नाव आपोआप एकदाच दिसतं. पण नाही. यांना माहिती आणि प्रिंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच मान्य नाही.

आता 'त्यात काय एवढं, एफ ५ दाबा आणि रिकामे सेल एकदम भरा' म्हणणारे शहाणे येतीलच. येतं हो मला. रकाना सिलेक्ट करायचा, एफ ५, स्पेशल, ब्लँक्स, मग बरोबरचं चिन्ह, वरचा बाण, कंट्रोल-एंटर, की प्रत्येक रिकाम्या सेलमध्ये 'वरच्यासारखंच' हा फॉर्म्युला बसतो. मग कॉपी करून पेस्ट स्पेशलने व्हॅल्यूज, म्हणजे फॉर्म्युल्याच्या जागी नुसती नावं, नाहीतर पुढच्या सॉर्टला सगळे फॉर्म्युले एकमेकांच्या अंगावर. स्वच्छ फाइलवर हे काम चहा गार होण्याआधी होतं. पण स्वच्छ फाइल कधी आली आहे का? एकाने खोडायचं म्हणून स्पेसबार दाबलेला असतो. सेल दिसतो रिकामा, पण आत स्पेस बसलेली, म्हणून एक्सेल त्याला ब्लँक मानतच नाही. दुसऱ्याने पोर्टलवरून उचलून चिकटवलेलं असतं. त्यातली स्पेस अशी चिवट, की जादा स्पेस काढणाऱ्या ट्रिम फॉर्म्युल्यालाही जुमानत नाही. तिसऱ्याच्या सेलमध्ये फॉर्म्युला असतो, जो काहीच दाखवत नाही पण असतो. आणि चौथ्याने अख्खा रकाना टेक्स्ट फॉरमॅटमध्ये ठेवलेला, त्यामुळे कंट्रोल-एंटर मारलं की प्रत्येक गावापुढे तालुक्याच्या जागी '=ए२' असं छापून येतं. '=ए२' तालुका! पाठवू का असंच साहेबांना?

तरीही तालुक्याचं एक वेळ सोडून देते. डोकं खरं फिरतं ते आकड्यांच्या रकान्यांनी. गावनिहाय हातपंप, पैकी नादुरुस्त किती. रिकामं. म्हणजे काय समजायचं? एकही बंद नाही? का कुणी गावात जाऊन पाहिलंच नाही? का ग्रामसेवकाचा फोन लागला नाही? का इथेही 'वरचंच आहे की ते'? मागे एका फाइलमध्ये कुणीतरी तालुक्याबरोबर सगळेच रकाने खाली ओढून दिले होते. वरच्या गावाचे ३ बंद हातपंप खालच्या सहा गावांत जसेच्या तसे! दुसरीकडे एका उत्साही माणसाने सगळ्या रिकाम्या जागी शून्य भरलं. आता पाच गावांपैकी तिघांत १०-१० पंप बंद आहेत आणि दोन गावांची माहितीच नाही, तर रिकाम्या जागा सोडून सरासरी येते १०. तिथे शून्य टाका, येते ६. पंप एकही दुरुस्त न करता तालुका सुधारला. टंचाई आराखड्यात टँकर कुठे लागणार ते याच कागदावरून ठरवायचंय, आणि यांना रिकामा सेल म्हणजे फक्त टायपिंगचा कंटाळा वाटतो.

एकही नसेल तर शून्य लिहा. माहिती आली नसेल तर 'अप्राप्त' लिहा. अगदी 'निरंक' लिहिलंत तरी चालेल. बेरजेच्या फॉर्म्युल्यात अधिकचं चिन्ह वापरलं असेल तर तो एरर देईल, देऊ दे, ते मी निस्तरते. निदान कुणीतरी काहीतरी सांगितलंय एवढं तरी कळेल.

काल एका तालुक्याच्या भाऊसाहेबांनी तर कमालच केली. "मॅडम, तुमच्याकडे फॉर्म्युला आहे ना, तुम्हीच भरून घ्या की." अहो, तालुक्याचं नाव भरायचा फॉर्म्युला आहे! हातपंपाला पाणी येतंय का, हे सांगणारा फॉर्म्युला अजून निघायचाय. त्यासाठी ग्रामसेवकाला फोन करायचा असतो. मी म्हटलं, राहू द्या, मीच करते, शेवटच्या रकान्यात मोबाईल नंबर मागितले होते ना आपण?

पहिल्या गावापुढे आहे नंबर. खाली रिकामं.