अटकेच्या कागदावरची वेळ आधी बघा

डी. के. बसू म्हटलं की वकिलांना निकाल आठवतो, माणूस आठवत नाही. पश्चिम बंगालमधल्या ‘लीगल एड सर्व्हिसेस’चे ते कार्याध्यक्ष. कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांकडे लक्ष वेधत त्यांनी २६ ऑगस्ट १९८६ ला सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानलं. निकाल आला १८ डिसेंबर १९९६ ला. अटक करताना आणि कोठडीत पोलिसांनी काय पाळायचं, याच्या त्यातल्या अकरा सूचना प्रत्येक ठाण्यात ठळक जागी लावायच्या आहेत. पुढे त्यातलं बरंचसं कायद्यातच आलं.

परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीतला तरुण गेला. म्हणून सांगतो, बसूंचं काम फलकावर ठेवून भागणार नाही, ते घराघरात माहीत पाहिजे.

घोळ होतो तो पहिल्याच तासात. ‘चौकशीला नेतोय, लगेच सोडतो’ म्हणून पोराला वस्तीवरून उचलतात. अटक दाखवतात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं असतं (प्रवासाचा वेळ सोडून), पण मोजणी कागदावरच्या वेळेपासून होते आणि आधीची रात्र हिशेबातच येत नाही. म्हणून नेल्या क्षणी घरच्यांनी दोघा-तिघांना मोबाईलवर मेसेज टाकावा: कोणी नेलं, किती वाजता, गाडीचा नंबर काय. मेसेजवरची वेळ नंतर कोणाला बदलता येत नाही.

अटक पंचनाम्यावर तारीख, वेळ आणि किमान एका साक्षीदाराची सही लागते. साक्षीदार घरचा किंवा गावातला प्रतिष्ठित माणूस. अटक झालेल्यानेही सही करायची, पण वाचून. कोऱ्या कागदावर अजिबात नाही. अटकेची कारणं लेखी मागा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर सहसा आधी नोटीस यायला हवी, थेट अटक नव्हे.

मार लागला असेल तर तो डॉक्टरांना दाखवून नोंदवून घ्या. कोठडीत दर ४८ तासांनी तपासणी करायची, हीही बसूंच्याच निकालातली सूचना. खरी अडचण कोर्टात येते. मॅजिस्ट्रेट विचारतात, ‘काही तक्रार?’ शेजारी पोलीस उभे, पोरगा मान हलवून ‘नाही’ म्हणतो. तिथे वकील सोबत हवाच. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं, हेल्पलाईन १५१००.

ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवण्याचा अर्ज मात्र त्याच आठवड्यात द्या, आणि पोच घ्या.