पत्ती बदलायला सांगू नका, वाईट दिसतं

सलूनमध्ये गिऱ्हाइकाने कसं वागावं हे कोणी शिकवत नाही. त्यामुळे ठाण्यासारख्या सभा-संमेलनांच्या शहरातही काही माणसं खुर्चीत टेकल्या टेकल्या प्रश्न विचारायला लागतात. त्यांच्यासाठी ही थोडी समज. सल्ले अगदी ताजे आहेत; हनुवटीखालच्या कापाची खपलीसुद्धा अजून पडलेली नाही.

पहिलं म्हणजे जायचं ते रविवारीच, सकाळी साडेदहा-अकराला. बुधवारी दुपारी तीनला खुर्ची रिकामी असते, कारागिराचे हात शिणलेले नसतात आणि रविवारी बारा मिनिटांत उरकायच्या कामाला तो निवांत अर्धा तास देतो. म्हणून बुधवारी जाऊ नका. शनिवारी घरचे केस कापू देत नाहीत, सोमवारी बरीच दुकानं बंद, मग सगळं ठाणं रविवारी एका बाकावर येतं. श्रावण लागायच्या आधीचा रविवार साधलात तर सोन्याहून पिवळं. ‘बसा, पाच मिनिटांत नंबर’ असं सांगतील. घोडबंदरचा शेअर रिक्षावाला ‘एकच सीट, निघालोच’ म्हणतो, त्यातलंच हे. बसा.

‘कसे कापू?’ असं विचारलं की ‘मिडियम’ म्हणा. आकडा सांगू नका. मशीनच्या कंगव्यांना नंबर असतात: एक नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे साधारण १०, चार म्हणजे १३. ‘बाजूला तीन, मानेकडे दोन, वर कात्रीने दोन बोटं ठेवा’ एवढं एक वाक्य बोललात की काम बरोबर होतं, आणि मग घरी गेल्यावर बोलायला काही उरत नाही. तुमच्या मनातलं मिडियम चार नंबरचं, त्याच्या हातातलं एक नंबरचं. फरक एक सेंटीमीटरचा. केस महिन्याला सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर वाढतात, म्हणजे तीन-चार आठवड्यांचा प्रश्न. तोवर टोपी आहे.

केस ओले असताना ‘अजून थोडे कमी करा’ म्हणत राहा. ओला केस ताणला जातो, लांब दिसतो. वाळला की आखडतो, कुरळा असेल तर आणखीच वर जातो. आणि डोक्यावरच्या भोवऱ्याबद्दल तर अवाक्षर काढू नका. भोवऱ्याजवळचा केस जरा लांब ठेवला तर स्वतःच्या वजनाने खाली बसतो, आखूड झाला की अँटेनासारखा उभा. चांगला कारागीर कात्री उचलायच्या आधी कोरड्या केसांतून बोटं फिरवून भोवरा कुठे आहे, किती आहेत, ते पाहून घेतो. तुमचा पाहत नसेल तर त्याचा टीव्ही का बंद करायचा?

मशीनचा कंगवा ‘टक्क’ वाजून बसला का, इकडे लक्ष देऊ नका. अर्धवट बसलेला कंगवा कानामागे निसटतो आणि तिथे रुपयाएवढं पटांगण होतं.

फोन आला तर उचला, आणि मान वळवून बोला. कल्ले कोणाचे सारखे असतात?

दरफलक आधी वाचू नका.

कारण आधी वाचलात तर पुढची मजा जाते. तोंडावर हात फिरवून ‘साहेब, टॅनिंग खूप झालंय’ असं हळहळून सांगितलं जाईल. तुमचा अंगठा वर गेला की मान हलली की नुसताच सुस्कारा, यावर तोंडाला काय फासायचं ते ठरतं. केस कलप करायचे असतील तर डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं ‘४८ तास आधी कानामागे लावून बघा’ हे वाक्य मनोरंजनासाठी आहे असं समजा. काळ्या कलपात पीपीडी नावाचं रसायन असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांचे डोळे दुसऱ्या दिवशी सुजून बंद होतात. ‘काळी मेंदी आहे, नैसर्गिक’ म्हणाले तर विश्वास ठेवा. मेंदीचा रंग मुळात तांबडा-केशरी असतो, ती काळी कशाने झाली हे विचारणं उद्धटपणाचं.

चंपी झाल्यावर मान मोडून घ्या. हनुवटी एका हातात, डोकं दुसऱ्या हातात, कटकट! कुठलं शिक्षण घेऊन तो हे करतो, हा विचार तेव्हा येत नाही. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे दोन रक्तवाहिन्या जातात. झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. नुसती शाम्पूच्या बेसिनवर मान मागे टाकून बसलेल्या पाच बायकांना असा त्रास झाल्याचं १९९३ मध्ये एका अमेरिकी डॉक्टरने लिहिलं, तेव्हापासून त्याला ‘ब्यूटी पार्लर स्ट्रोक’ असं गोंडस नाव पडलंय. असं क्वचितच होतं, मान्य. पण आपल्या खुर्चीत ते फुकट मिळतं.

आता दाढी. इथे शिष्टाचाराची खरी कसोटी लागते.

पत्ती नवी आहे का, असं विचारू नका. समोरच्या माणसाचा अपमान होतो. त्याने वस्तरा उचलला, मागच्या गिऱ्हाइकाच्या गालावरून आला तसाच एका फडक्याला पुसला, वर डेटॉलचं दुधाळ पाणी शिंपडलं, की समजायचं झालं. तरीही तोंडातून गेलंच, तर ‘आत्ताच लावलीय हो साहेब’ हे उत्तर ठरलेलं आहे. ‘आत्ता’ म्हणजे कधी? दुकान उघडल्यावर? तुम्ही बाकावर बसून तीन दाढ्या पाहिलेल्या असतात, एकदाही कागद फाटल्याचा आवाज आलेला नसतो. पण मानेभोवती कापड आवळलेलं, हात आत, तोंडाला फेस, आरशात आपलीच बावळट मूर्ती. अशा अवस्थेत माणूस वाद घालत नाही. हसतो.

हिशेब मात्र करून पाहा. सलूनमधल्या वस्तऱ्याला दुधारी पत्तीचा अर्धा तुकडा लागतो. कागदासकट पत्ती मधून वाकवली की कट्ट करून दोन तुकडे, दोन गिऱ्हाइकं. अख्खी पत्ती दोन-चार रुपयांची. म्हणजे तुमच्या वाट्याला रुपया-दोन रुपये. दाढीला घेतात साठ-सत्तर, एसी असेल तर शंभराच्या पुढे. त्यातले दीड रुपये वाचवायला दुसऱ्याचं रक्त तुमच्या हनुवटीला लावायचं! कावीळ ‘ब’चा विषाणू वाळलेल्या रक्तात शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो, आणि त्याला डोळ्याला दिसेल एवढं रक्तही लागत नाही. दाढीच्या प्रत्येक फेरीत कातडी खरवडली जाते, लाल दिसो न दिसो. डेटॉलचे दोन शिंतोडे आणि फडक्याचा एक फटकारा यांनी तो मरत नाही. आणि नुसती पत्ती बदलूनही पुरत नाही, कारण पत्ती जिथे अडकते त्या खाचेत केस, साबण आणि आदल्या दिवसाचं जे काही असतं ते घट्ट बसलेलं असतं. ती खाच आधी साबणाने ब्रश मारून धुवायची, मग जंतुनाशकात पूर्ण बुडवून ठेवायची, बाटलीवर लिहिलीत तितकी मिनिटं. मळ असेल तर जंतुनाशक मळालाच लागतं, जंतूंपर्यंत पोचत नाही. हे करायला दोन वस्तरे लागतात, एक हातात, एक पाण्यात. दोन! काय मोठी गुंतवणूक आहे?

आणि तो निळा दिवा लावलेला डबा. ‘स्टरलायझर’ लिहिलेलं असतं त्यावर. अतिनील प्रकाश जिथे पडतो तिथेच काम करतो. आत कंगवे, ब्रश, कात्र्या एकावर एक रचलेल्या, सगळ्यांची सावली सगळ्यांवर, वर केसांचा थर. तो डबा नव्हे, देव्हारा आहे. दिवा लावला की पुण्य.

पण या सगळ्यावर कडी करतो तो तुरटीचा खडा. काउंटरवर, पावडरच्या डब्याशेजारी. कोपरे झिजून साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, एका बाजूला पिवळट, खळग्यात एखादा बारीक केस चिकटलेला. कापलं की त्यावर पाणी मारून तोच घासतात. कोणाला घासतात? ज्यांना ज्यांना कापलं त्या सगळ्यांना! म्हणजे अख्ख्या दुकानात रक्ताशी हमखास गाठ पडते अशी वस्तू हीच, आणि हीच कधी बदलली जात नाही, कारण ती संपतच नाही. तुरटीने रक्त थांबतं, म्हणून लोकांना वाटतं ती औषध आहे, ती स्वतः कशी घाण असेल. तुरटीची पूड करून चिमूटभर कापसावर घ्यायची, लावायची, कापूस फेकायचा. झालं. खडा बंद.

उलट्या हाताने गुळगुळीत करून घ्यायला विसरू नका, हेही राहिलंच. पहिला हात केसाच्या दिशेने, दुसरा आडवा, इथे थांबलं तर चालतं. तिसरा उलटा हात मारला की केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो, टोकदार होतो आणि वाढताना वळून आतच घुसतो. दोन दिवसांनी गळ्यावर लाल पुळ्या. गळ्यावर तर केस खालून वर, आडवे, कसेही उगवतात. हात फिरवून दिशा पाहणारा कारागीर शंभरात उठून दिसतो. मग शेवटी मानेवर पावडरचा ब्रश, आधीच्या दहा मानांवरून आलेला. नायटा असाच पसरतो, मशीनने, ब्रशने, टॉवेलने. त्यावर मेडिकलमधून मनाने स्टिरॉइडवालं मलम आणा. लाली जाते, नायटा राहतो, महिन्याने दुप्पट.

आणि कृपा करून त्या जुन्या दोन खुर्च्यांच्या दुकानांत जाऊ नका. नौपाड्यात, कोपरीत, जांभळी नाक्याच्या मागच्या गल्ल्यांत अजून आहेत. तिथला म्हातारा माणूस न विचारता पत्ती तुमच्या डोळ्यांसमोर कागदातून काढतो, मोडतो, उरलेला अर्धा तुकडा पुन्हा कागदात गुंडाळून ठेवतो, वापरलेला तुकडा झाकणाला चीर असलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकतो, म्हणजे कचरा उचलणाऱ्या बाईचं बोट कापणार नाही. गालाला कोमट पाणी लावून दोन मिनिटं थांबतो, कारण भिजलेला केस मऊ पडतो आणि पत्ती ओढत नाही. कातडी अंगठ्याने ताणून मगच हात टाकतो. शेवटी मागे छोटा आरसा धरतो आणि तुम्ही मान हलवेपर्यंत हलत नाही. एसी नाही, दर कमी. अशाने बाकीच्यांची पंचाईत होते.

जाऊ दे. हा सूर आता धरवत नाही.

अहो, तोंड आहे ना तुम्हाला? भाजीवाल्याकडे कढीपत्त्यासाठी भांडता, पाणीपुरीवाल्याला ‘हातमोजे घाल’ म्हणता, आणि गळ्यावर धार ठेवणाऱ्या माणसाला ‘पत्ती बदल’ म्हणायला जीभ रेटत नाही? फेस लावायच्या आधी सांगा, कापडातून हात बाहेर असतो तेव्हा. ‘नवी पत्ती, माझ्यासमोर.’ तीन शब्द. नाही म्हणाला तर उठा. खिशात पत्तीचं पाकीट घेऊन जा हवं तर, घरचा ब्रश न्या, लाजायचं त्याने. मोठ्या माणसालाही कावीळ ‘ब’ची लस घेता येते, पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा, ती घ्या. आणि अंगावर नायटा असताना गपचूप जाऊन खुर्चीत बसणारे तुम्हीच असता, तेही बंद करा.

आणि सलूनवाले, तुम्ही. भाडं वाढलंय, रविवारी जेवायला वेळ मिळत नाही, दिवसभर उभं राहून पाय सुजतात, सगळं खरं. दर दहा रुपयांनी वाढवा, आम्ही देऊ. पण रुपया-दीड रुपयासाठी आमच्या तोंडावर खोटं बोलू नका. आणि तो खडा आधी काउंटरवरून उचला आणि फेका.